कुठून येतात ही झुरळं

झुरळ पिशवीतून बाहेर पडलं, ते नेमकं मेट्रनबाईंच्या डोळ्यांसमोर.

हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात बाहेरची वस्तू आत न्यायची नाही, हा नियम सूनबाईला पाठ होता. नव्याने कामाला लागलेल्या मुलींना तो तीच शिकवायची. पण बाहेरच्या भिंतीतली खुंटी निखळून पडली होती, सुतार आज येतो उद्या येतो करत होता, आणि त्या सकाळी ऑपरेशनची इतकी घाई होती की तिने डब्याची पिशवी आतल्या दाराच्या कडीला अडकवली आणि हात धुवायला गेली. तेवढ्यात पिशवीच्या बंदावरून ते खाली उतरलं. बारीक, तांबूस, मानेवर दोन काळे पट्टे. दारावरून भिंतीवर, भिंतीवरून टेबलावर आलं आणि हिरव्या कापडावर मांडलेल्या चिमट्या-कात्र्यांच्या रांगेत मिशा हलवत उभं राहिलं, जणू तपासणीलाच आलं होतं.

तपासणीला खरं तर मेट्रनबाई आल्या होत्या.

“हे कुणाच्या पिशवीतून आलं?” त्यांनी विचारलं.

“माझ्या,” सूनबाई म्हणाली.

“घरात झुरळं आहेत?”

“एखाददुसरं असेल.”

ही थाप इतकी मोठी होती की तिचे स्वतःचेच कान तापले. मेट्रनबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरचं सगळं सामान परत धुवायला पाठवलं. ते परत बांधून, परत वाफेच्या भट्टीत घालून बाहेर येईपर्यंत ऑपरेशन खोळंबलं, आणि डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मेट्रनबाईंनी तो सूनबाईसमोरच घेतला. मग म्हणाल्या, “घरचं आधी निस्तरा. तोवर तुम्ही धुण्याच्या बाजूला बसा.”

या विभागाला दोन बाजू होत्या. एका खिडकीतून वापरलेली, रक्ताने माखलेली हत्यारं येत, ती धुतली जात. पलीकडच्या खोलीत ती बांधून भट्टीत जात आणि शुद्ध होऊन दुसऱ्याच दाराने बाहेर पडत. सूनबाईने निम्मं आयुष्य त्या स्वच्छ बाजूला काढलं होतं. धुण्याच्या बाजूला तिला बसवणं म्हणजे हेडबाईंना बालवर्गाच्या बाकावर बसवण्यासारखं होतं. तिने रबरी हातमोजे चढवले, ॲप्रन बांधला आणि खिडकीतून आलेला पहिला ट्रे पुढ्यात ओढला.

तिचं नाव काही सूनबाई नव्हतं. पण सासरे गॅलरीतून दिवसातून इतक्या वेळा “सूनबाई” अशी हाक मारत की इमारतीतल्या सगळ्यांनी तेच उचललं होतं. दूधवाला तिला सूनबाई म्हणे, वॉचमन म्हणे. नवरासुद्धा चेष्टेच्या लहरीत असला की म्हणे. आज मात्र तो चेष्टा करायच्या फंदात पडला नाही. बायको घरात शिरली ती पिशवी बाहेरच झटकून, चपला हातात घेऊन, आणि तिने थेट सिंकखालचं दार उघडलं.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही. तुमच्या लाडक्यांनी माझी नोकरी खाल्ली.”

नवरा चष्म्याच्या दुकानात होता. गावभरच्या लोकांना बारीक अक्षर दिसायला लागावं म्हणून तो दिवसभर काचा बसवायचा, आणि घरात त्याला झुरळ दिसत नसे. ताटाशेजारून गेलं तरी म्हणे, “कुठे? अगं, मुंगळा असेल.” फारच अंगावर आलं तर म्हणे, “सगळ्यांच्याच घरी असतात.” या एका वाक्याने सूनबाईच्या डोक्याची शीर जितकी तडकायची, तितकी झुरळानेसुद्धा तडकत नसे.

कारण तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? कपाटांत डांबराच्या गोळ्या झाल्या. भिंतीच्या कडेने खडूच्या रेघा झाल्या. बोरिक पावडर, पीठ आणि साखर मळून तिने गोळ्या केल्या, तर त्यातली एक नवऱ्याने खडीसाखर समजून तोंडाजवळ नेली. ती ओरडली नसती तर त्याचं काय झालं असतं देव जाणे. रोज संध्याकाळी ओटा घासायची, भांडी एकसुद्धा ठेवायची नाही, कचरा बाहेर. आणि सगळ्यावर कडी म्हणजे फवारा. फवारा मारला की पाच-दहा तडफडून उताणी पडत, तिला समाधान वाटे, आणि चार दिवसांनी दुप्पट येत. तीही जिथे कधी नव्हती तिथे. आधी ओट्याखाली होती ती कपड्यांच्या कपाटात निघाली. नंतर पुस्तकांच्या फळीत. एक तर दात घासायच्या ब्रशवर बसलेलं होतं, आणि त्या दिवशी ती बोटाने दात घासून कामावर गेली.

एवढं स्वच्छ ठेवूनही येतात म्हणजे बाहेरून येतात, असा तिने हिशेब लावला. बाहेरून म्हणजे वरून. वरच्या मजल्यावर शिंपीणबाई राहत. घरभर कापडाचे गठ्ठे, चिंध्या, चहाचे कप. सूनबाई दोन महिन्यांपूर्वी एकदा तावातावाने वर गेली होती आणि दारातच म्हणाली होती, “तुमचा पसारा तुम्ही आवरा, आमच्या घरात त्याची पिल्लं नकोत.” शिंपीणबाई तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाल्या होत्या, “आत येऊन बघा कुठे आहेत ती.” सूनबाई आत गेली नव्हती. तेव्हापासून जिन्यात भेटल्या तरी दोघी एकमेकींच्या डोक्यावरून बघत.

त्या संध्याकाळीही तिने फवारा उचललाच. गॅलरीतून सासऱ्यांचा आवाज आला, “सूनबाई, जरा इकडे नको मारू हं, माझं काम चाललंय.”

सासरे पूर्वी रेडिओ दुरुस्त करत. बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं. रेडिओ संपले तशी त्यांनी टेपरेकॉर्डरची कामं घेतली, तेही संपले, मग गुडघे संपले आणि दुकान विकलं. बायको गेल्यावर तर ते नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मग एकदा शेजारच्या कुणीतरी बिघडलेला मिक्सर आणून दिला. तो त्यांनी चालू केला आणि माणूसही त्याबरोबर चालू झाला. आता गॅलरीत टेबल, टेबलावर दिवा, आणि चारी बाजूंना लोकांचे मिक्सर, इस्त्र्या, टोस्टर, केटल. सकाळी उठून दाढी करून ते टेबलाशी बसत आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारत. पैसे किती घेत आणि कुणाकडून घेत हे त्यांनाच ठाऊक. सूनबाईला या गोष्टीचा आनंदच होता. तिने कधी त्या गॅलरीला हात लावला नाही. झाडायलासुद्धा ती टेबलापर्यंतच जाई, पुढचं ते स्वतः करतो म्हणत.

धुण्याच्या बाजूला तिला आठवडा झाला असेल. दुपारी वॉर्डातला मदतनीस वापरलेल्या हत्यारांचा ट्रे घेऊन आला तो खिडकीकडे न येता, जवळ पडतं म्हणून थेट स्वच्छ खोलीतून. सूनबाई इकडून कडाडली, “अरे, घाण सामान स्वच्छ खोलीतून कशाला नेतोस? तुझ्या घरी जोडे घालून देवघरातून जातोस का?”

“एकदाच गेलो ताई, कुठे टेकवलं नाही काही.”

“टेकवायला कशाला हवं? तू गेलास ना, तेवढ्यात जे सांडायचं ते सांडलं.”

हे वाक्य बोलून ती विसरलीही. संध्याकाळी घरी स्वयंपाक करत होती. बेल वाजली. कोपऱ्यावरच्या पार्लरवाल्या बाई आल्या होत्या. काखेत कापडी पिशवी, पिशवीत मिक्सर. “आजोबा आहेत ना? घर्रघर्र करतोय नुसता.” बोलत बोलत त्या दारातून बाहेरच्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात आल्या, कारण गॅलरीचं दार स्वयंपाकघरातच उघडत होतं. “काय जड आहे हो,” म्हणत त्यांनी मिक्सर क्षणभर ओट्यावर ठेवला. धुतलेल्या ताटांच्या शेजारी. हात झटकला, परत उचलला आणि गॅलरीत गेल्या.

सूनबाई हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली. गॅसवर काहीतरी लागल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून चिकट पुठ्ठे आणले. एक पलंगाखाली, एक सिंकखाली, एक फ्रिजमागे, एक गॅलरीच्या दाराशी, आणि सासरे आंघोळीला गेले तेव्हा एक त्यांच्या टेबलाखाली. सकाळी उचलून बघितलं. पलंगाखालचा कोरा. सिंकखाली थोडी. फ्रिजमागे बरीच. गॅलरीच्या दाराशी त्याहून जास्त. आणि टेबलाखालच्या पुठ्ठ्यावर नव्याने आलेल्याला पाय ठेवायला जागा नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. शिंपीणबाईंचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला, टाचण्यांसकट.

पुठ्ठे तिने नवऱ्याच्या समोर ओळीने मांडले. तो चहा पीत होता. कप त्याने बाजूला ठेवला.

“हे आता तुम्ही सांगा त्यांना,” ती हळू आवाजात म्हणाली.

“मी? मी काय सांगू?”

“की मिक्सर बंद करा.”

“आई गेल्यापासून ते त्या टेबलावर जगतायत गं.”

“म्हणून तर म्हणते तुम्ही सांगा. वडील तुमचे.”

“झुरळं तू पकडलीस.”

“वा. म्हणजे पकडायची मी, मारायची मी, हॉस्पिटलात शिक्षा भोगायची मी आणि वाईटही मीच व्हायचं. मग तुम्ही काय करणार?”

त्याने थोडा विचार केला. “मी घरातच असेन,” तो म्हणाला.

तिने कपाळाला हात लावला आणि एकटीच गॅलरीत गेली.

सासऱ्यांनी पार्लरवाल्या बाईंचा मिक्सर उलटा केला होता आणि बुडाचे स्क्रू काढत होते. “बस,” ते म्हणाले. “हा बघ, कार्बन झिजलाय. वाजणारच.”

“बाबा, मला एक बघायचंय. उघडा तो.”

त्यांनी झाकण उचललं. आत मोटरभोवती मिऱ्याची पूड सांडावी तशी काळी घाण होती. एक कुबट, तेलकट वास आला. मग ती पूड हलली. सासऱ्यांनी सरावाने मिक्सर टेबलाच्या कडेवर ठक्‌ ठक्‌ आपटला. आतून लहानमोठी झुरळं बाहेर पडली, टेबलावरून खाली, आणि बघता बघता दिसेनाशी झाली. सासऱ्यांनी फुंकर मारून मोटर साफ केली आणि पेचकस उचलला.

“हे नेहमी असं असतं?” तिने विचारलं.

“असतातच. रेडिओतही असायची. त्यांना ऊब आवडते. ठोकलं की पळतात, आपल्याला काही करत नाहीत.”

“पळून कुठे जातात, बाबा?”

“जातात अशीच. कुठेतरी.”

“कुठे?”

सासऱ्यांनी पेचकस खाली ठेवला. दुकानात असताना ती रस्त्यावर जात असतील, गटारात जात असतील, शेजारच्या दुकानात जात असतील. संध्याकाळी शटर खाली ओढलं की तो प्रश्न त्यांचा नसायचा. त्यांनी गॅलरीकडे बघितलं. सासूबाई आजारी असताना वारा लागू नये म्हणून तिन्ही बाजूंनी काचा बसवून घेतल्या होत्या. उघडं असं एकच दार होतं. त्या दारात सूनबाई उभी होती आणि तिच्या मागे स्वयंपाकघर होतं.

त्यांनी मिक्सरचं झाकण परत बसवलं.

“म्हणजे मी आणली,” ते म्हणाले.

त्यांनी चिडावं, हट्ट करावा, चाळीस वर्षांचा अनुभव काढावा, याची ती तयारी करून आली होती. या तीन शब्दांची तयारी तिने केली नव्हती. “तुम्ही नाही, मिक्सरांनी,” ती म्हणाली.

“मिक्सर कुणी आणले?”

त्याच दिवशी त्यांनी सगळी सामानं ज्याची त्याला परत केली, झालेली आणि न झालेलीही. टेबल पुसलं, हत्यारं पेटीत भरली आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर येऊन बसले.

सूनबाईला वाटलं, सुटलो. पण ती सुटका कसली, आगीतून उठून फुफाट्यात पडणं होतं. रिकामा माणूस स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला. “गॅस मोठा झालाय.” “झाकण ठेव, वास जातो.” “तुझ्या सासूबाई आधी मीठ घालायच्या.” ती कामावरून यायची ते हात धुऊन कामाला लागायची, आणि पाठीवर ते डोळे. झुरळं तर होतीच. नवीन येणं थांबलं तरी जुनी कुठे जाणार? त्यांनी घरभर संसार थाटले होते.

या वेळी तिने फवारा घेतला नाही. दुकानातून जेलची नळी आणली आणि तिच्यासोबतचा चिठोरा पहिल्यांदाच चष्मा लावून वाचला. त्यात लिहिलं होतं की जेल म्हणजे आमिष. झुरळ खाऊन जातं, बिळात जाऊन मरतं, इतर त्याला खातात आणि तीही मरतात. पण जिथे फवारा मारलाय तिथे ती जेलला तोंड लावत नाहीत, आणि फवाऱ्याने मरतात त्यापेक्षा जास्त पांगतात. हे तिने दोनदा वाचलं. एवढे महिने ती त्यांना मारत नव्हती, वाटून देत होती. एका खोलीतली झुरळं तिने स्वतःच्या हाताने घरभर पसरवली होती. रोग हाल्याला आणि औषध पखालीला.

मग साबणाच्या पाण्याने सगळं पुसणं आलं. दोन दिवस ती गुडघ्यांवर होती. तिसऱ्या दिवशी मोहरीएवढे ठिपके लावत ती फ्रिजपाशी पोचली तेव्हा खुर्चीतून आवाज आला, “बाहेरून लावून काय होणार? आत बघितलंस का?”

“आत म्हणजे?”

“पाठीमागे. मोटरपाशी.”

“मला काय उघडता येतंय ते?”

सासरे उठले. पेटी आणली. गुडघे दुखत असूनही फ्रिजमागे मांडी घालून बसले आणि मागचा पत्रा काढला. आत बघून म्हणाले, “ये. बघ. हे यांचं लॉज.” मोटरची ऊब, मोटरवर पाणी साठायची छोटी ताटली, आणि पत्र्याच्या घडीत ओळीने बसलेली झुरळं. “यांना तीन गोष्टी लागतात. ऊब, पाणी आणि अंग चिकटेल एवढी फट. तुझा ओटा तू आरशासारखा ठेव, यांचं काय अडतंय?”

त्या दिवसापासून घरातलं एकही यंत्र शाबूत राहिलं नाही. फ्रिज उघडा, पाणी गाळायचं यंत्र उघडं, भिंतीवरचं घड्याळ उताणं, टीव्हीचा डबा चार तुकड्यांत. सासरे उघडत, साफ करत, जेलचा ठिपका लावत आणि पुढच्याकडे वळत. सूनबाईला ताटात स्क्रू सापडला. नवऱ्याला अंथरुणात पेचकस टोचला. दूध नासलं, कारण फ्रिज बंद होता. वेळ कळेना, कारण घड्याळ बंद होतं, आणि नवरा दोनदा दुकानात उशिरा पोचला. तो म्हणाला, “झुरळं होती तेव्हा निदान दूध तरी मिळत होतं.” सूनबाईने त्याच्याकडे असं बघितलं की तो उरलेला चहा उभ्यानेच पिऊन बाहेर पडला.

पण मेलेली दिसू लागली. रोज सकाळी झाडताना सुपलीत. मग कमी. मग एक दिवस एकही नाही. तिने कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. आणखी काही दिवस गेले. ती गुणगुणत डबा भरायला लागली.

आणि एका सकाळी तिने मसाल्याचा डबा उचलला तर खालून तिळाएवढी, काळी काळी पिल्लं फुटली. एक नाही, दोन नाही. फळीभर.

ती खाली फरशीवर बसली. रडायलाही येईना, इतका संताप आला. सगळं धुतलं, सगळं उघडलं, नोकरीत खाली बसले, म्हाताऱ्या माणसाला दुखावलं, आणि हे. ती उठली, माळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “शिडी कुठे आहे?”

“कशाला?” सासरे दारात आले.

“फवारा हवाय मला. वर ठेवलाय. शिडी कुठे आहे?”

“मी लपवलीय.”

“बाबा, माझं डोकं आधीच फिरलंय.”

“म्हणूनच लपवली. मला माहीत होतं तू शिडी मागशील.” ते फळीपाशी गेले, चष्मा कपाळावर ढकलून वाकले. “यात मोठं एक तरी दिसतंय का?”

तिने बघितलं. नव्हतं.

“नुसती पोरंच आहेत. आई मेली, पण अंडी राहिली होती, ती आता फुटली. रंग काढताना दुसरा हात मारतात ना, तसं. एका हातात भिंत नाही होत. लाव परत.”

“आणि परत आली तर?”

“तर परत लाव. ही काही तुझ्यावर दावा धरून बसलेली नाहीत. त्यांना खायला हवंय, आपण खायला घालू.”

तिला हसू आलं नाही, पण तिने नळी उचलली.

त्या महिन्याच्या अखेरीस मेट्रनबाई धुण्याच्या बाजूला आल्या. “गेली का हो घरची?”

“गेली असं नाही म्हणणार,” सूनबाई म्हणाली. “खूप होती. एखाददुसरं नव्हतं, मी तेव्हा खोटं बोलले. आता कधीतरी एखादं बारीक दिसतं. औषध चालू आहे.”

मेट्रनबाईंनी मान हलवली. “हे त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला दोन दिवसांची रजा दिली असती.” आणि सोमवारपासून पलीकडे बसा, असं सांगून गेल्या. सूनबाई त्या दोन दिवसांच्या रजेचा विचार करत सबंध दुपार चिमटे घासत राहिली. चिमटे त्या दिवशी जरा जास्तच चकचकीत निघाले.

घरी झुरळांचं असं मार्गी लागलं, आणि सासरे परत भिंतीकडे बघायला लागले. उघडायला यंत्र उरलं नव्हतं. जेवण अर्धवट टाकत. दाढी दोन दोन दिवसांनी. पार्लरवाल्या बाई एकदा मिक्सर घेऊन आल्या, तर त्यांनी दारातूनच “बंद केलं आता” म्हणून परत पाठवलं आणि खुर्चीत येऊन बसले.

सूनबाईने नवऱ्याला सांगितलं, “जिन्याखाली जागा आहे. सायकली ठेवतात ती. तिथे टेबल बसेल, दिवाही लागेल. घाण सामान घरातून यायला नको, एवढंच. बाहेर बसलं तर काय बिघडतं?”

“चांगलंय की. इमारतीची परवानगी घ्यावी लागेल.”

“कुणाची?”

नवरा चष्मा पुसायला लागला. “या वर्षी सेक्रेटरी वरच्या शिंपीणबाई आहेत.”

मग काय, करावं तसं भरावं. सूनबाई वर गेली. शिंपीणबाईंनी तिला दारात उभं ठेवून कुणाच्या तरी परकराची सबंध किनार शिवून घेतली. मशीन थांबवून म्हणाल्या, “बोला.”

“मागच्या वेळी मी जे बोलले ते चुकलं. झुरळं आमच्याच घरातली होती.”

“ते मला माहीत आहे. तुम्ही फवारा मारायला लागलात ना, तेव्हापासून पाइपच्या भोकातून माझ्याकडे वर येतायत. त्याआधी मी झुरळ पाहिलं नव्हतं या घरात.”

सूनबाईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने कशीबशी जिन्याखालच्या जागेची गोष्ट काढली.

“देते जागा,” शिंपीणबाई म्हणाल्या. “पण आधी आजोबांनी वर येऊन माझी मशीन उघडून बघायची. आतून खरखर आवाज येतोय, आणि तो सुईचा नाही.”

सासरे त्याच संध्याकाळी दाढी करून, पेटी घेऊन वर गेले. मशीनची मोटर आणि मिक्सर यांत त्यांच्या दृष्टीने फरक नव्हता. सूनबाईने जेलची नळी बरोबर दिली आणि स्वतः पाइपभोवतीचं भोक सिमेंटने बुजवलं, आधी आपल्याकडून, मग वर जाऊन त्यांच्याकडून. शिंपीणबाईंनी चहा केला. चहा फार गोड होता, पण सूनबाईने संपवला.

आता जिन्याखाली टेबल आहे. आलेलं प्रत्येक यंत्र आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत जातं, आत जेलचे ठिपके, तोंडाला घट्ट गाठ, आणि आठवडाभर कोपऱ्यात. त्यानंतरच ते उघडायचं. नियम सूनबाईचा, पण सांगायचं काम सासऱ्यांचं. त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं तुटली. आठवडा कुणाला थांबायचा असतो? आणि जे थांबतील त्यांना राग येतो.

परवा सूनबाई कामावरून आली तर पार्लरवाल्या बाई टेबलासमोर हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या.

“माझ्या घरात झुरळं नाहीत, आजोबा. पिशवीत बांधून ठेवायला तो काय रोगी आहे?”

“घरी स्वयंपाक कोण करतं?” सासऱ्यांनी विचारलं.

“माझ्या जाऊबाई करतात. मला कुठे वेळ असतो?”

“मग जरा त्यांना विचारून या. आहेत का नाहीत ते त्यांनाच माहीत असणार. बाकी घरातल्यांना दिसत नाहीत.”

पार्लरवाल्या बाई मिक्सर तिथेच आपटून तरातरा निघून गेल्या. आता या परत येत नाहीत, सूनबाईच्या मनात आलं. सासऱ्यांनी शांतपणे मिक्सर पिशवीत घातला आणि तोंड आवळून धरलं.

“जरा बोट ठेव इथे,” ते म्हणाले. “गाठ घट्ट बसत नाही माझ्याने.”

तिने डब्याची पिशवी पायरीवर ठेवली, आणि गाठीवर बोट दाबून धरलं.